एकच प्रथिन, लिहिण्याच्या अनेक तऱ्हा: पेशीला पेलतील असे कोडॉन कसे निवडावेत

प्रथिनं वेगळी करून दाखवणारं जेल रंगवून झालं आहे. प्रमोटर, म्हणजे जनुक सुरू करणारा डीएनएचा तुकडा, चालू करून चार तास लोटले, पेशी छान वाढल्या, जनुक वाहून नेणाऱ्या प्लाझ्मिडचं (डीएनएच्या छोट्या वर्तुळाचं) सिक्वेन्सिंगही स्वच्छ आलं होतं. तरीही जिथे प्रथिनाचा जाड पट्टा दिसायला हवा तिथे कोरी जागा आहे. अशा वेळी आपण तापमान बदलतो, प्रमोटर चालू करणारं आयपीटीजी हे रसायन कमीजास्त करतो, पेशींचा वाण बदलून पाहतो. जनुक मात्र पुन्हा वाचत नाही, कारण अमिनो आम्लांचा क्रम बरोबर असल्याची खात्री असते.

क्रम बरोबर असूनही लिखाण चुकीचं असू शकतं. जनुकाच्या भाषेत तीन अक्षरांचे ६४ कोडॉन आहेत. त्यांतले तीन थांबण्याची खूण करतात, उरलेले ६१ मिळून २० अमिनो आम्लं लिहितात. मिथिओनीन आणि ट्रिप्टोफॅनला एकेकच कोडॉन आहे, तर ल्युसीन, सेरीन आणि आर्जिनीनला प्रत्येकी सहा. सरासरी तीन पर्याय धरले तरी ३०० अमिनो आम्लांचं प्रथिन जितक्या प्रकारे लिहिता येईल तो आकडा १ वर १४३ शून्यांच्या घरात जातो. या सगळ्या लिखाणांतून कागदावर एकच प्रथिन निघतं. पेशीत मात्र एखाद्यातून भरपूर निघतं, एखाद्यातून थेंबभर, तर एखाद्यातून भलत्याच घडीचं.

त्यांतलं एक लिखाण शहाणपणाने कसं निवडायचं, ते पुढे क्रमाने सांगतो. माझं मत आधीच स्पष्ट करतो: ऑप्टिमाइझ करणाऱ्या सॉफ्टवेअरचा गुण शंभर टक्क्यांपर्यंत नेणं हे ध्येय ठेवू नका. जनुकाच्या सुरुवातीची पन्नासेक अक्षरं स्वतः डोळ्यांखालून घाला, बाकीच्या भागात फक्त घातक गोष्टी काढा आणि दोन-तीन वेगवेगळी लिखाणं करून पाहा.

पेशी एका कोडॉनवर का रेंगाळते

रायबोसोम, म्हणजे प्रथिन जोडणारं पेशीतलं यंत्र, एमआरएनएवरून (जनुकाच्या आरएनए प्रतीवरून) तीन-तीन अक्षरं पुढे सरकतो. प्रत्येक कोडॉनपाशी तो जुळणारा टीआरएनए (अमिनो आम्ल घेऊन येणारा छोटा आरएनए) येईपर्यंत थांबतो. पेशीत सगळे टीआरएनए सारख्या संख्येने नसतात. तोशिमिची इकेमुरा यांनी १९८१ साली ई. कोलाय या जिवाणूत दाखवलं की जे टीआरएनए मुबलक, त्यांचेच कोडॉन भरपूर तयार होणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांत जास्त आढळतात. शिवाय प्रत्येक कोडॉनला स्वतंत्र टीआरएनए नसतो. तिसऱ्या अक्षरापाशी जुळणी थोडी सैल चालते, हे फ्रान्सिस क्रिक यांनी १९६६ साली मांडलं होतं. त्यामुळे काही कोडॉन घट्ट जुळणीने वाचले जातात, तर काही सैल जुळणीने आणि सावकाश.

ई. कोलायमध्ये रायबोसोम सेकंदाला साधारण १५ ते २० अमिनो आम्लं जोडतो, सस्तन प्राण्यांच्या पेशीत पाच-सहा. या ओघात दुर्मीळ टीआरएनए मागणारे कोडॉन आले की वेग पडतो. एखादा असेल तर फारसं बिघडत नाही. चार-पाच सलग आले तर मागचे रायबोसोम खोळंबतात, काही सुटून पडतात, आणि पेशी तो एमआरएनए लवकर मोडीत काढू शकते. यीस्टमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या कामातून कळलं की एमआरएनए किती काळ टिकतो हेही कोडॉनच्या निवडीवर ठरतं. म्हणजे परिणाम केवळ वेगावर होत नाही, मूळ प्रतींच्या संख्येवरही होतो.

पायरी १: यजमान पेशी ठरवा आणि तिची कोडॉन-सारणी तपासा

प्रथिन कुठे बनवायचं हे ठरल्याशिवाय जनुक लिहायला घेऊ नका. "चांगला कोडॉन" असं सर्वत्र लागू पडणारं काही नसतं. आर्जिनीनचे एजीए आणि एजीजी हे कोडॉन मानवी जनुकांत सर्रास आढळतात, आर्जिनीनच्या दर पाच जागांपैकी साधारण एकेक जागा प्रत्येकाची. ई. कोलायमध्ये मात्र हेच दोन सर्वांत दुर्मीळ कोडॉनांत मोडतात. मानवी जनुक जसंच्या तसं जिवाणूत घातल्यावर जो घोटाळा होतो, त्यात बहुतेक वेळा पहिला संशय यांच्यावर घ्यावा.

काही जीवांत तर कोडॉनचा अर्थच वेगळा असतो. कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीत सीयूजी ल्युसीनऐवजी सेरीन लिहितो (एमआरएनएमध्ये डीएनएच्या टीच्या जागी यू असतो). मायकोप्लाझ्मा या जिवाणूत आणि माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात यूजीए थांबवत नाही, ट्रिप्टोफॅन जोडतो. मायकोप्लाझ्माचं जनुक ई. कोलायमध्ये घातलं तर प्रत्येक यूजीएपाशी प्रथिन तुटेल. तुमचं जनुक अशा जीवातून आलं असेल तर भाषांतर योग्य सारणीने केलं आहे ना, हे सर्वांत आधी पाहा. ही चूक मागाहून सापडायला फार वेळ लागतो.

पायरी २: जुन्या लिखाणात काय दुखतंय ते शोधा

नव्याने जनुक मागवण्याआधी हातातलं वाचा. ई. कोलायसाठी एजीजी, एजीए, सीजीए, सीयूए, एयूए, सीसीसी आणि जीजीए या कोडॉनांवर खूण करा. एकूण किती आहेत यापेक्षा ते कुठे आहेत आणि सलग आहेत का, हे महत्त्वाचं. पहिल्या पंचवीसेक कोडॉनांत दोन-तीन एकत्र आले असतील, किंवा कुठेही सलग दोन एजीजी असतील, तर तिथे थांबा.

सलग दोन एजीजींबद्दल दोन शब्द जास्त. १९८८ साली ई. कोलायमध्ये दिसून आलं की अशा जोडीपाशी जवळपास निम्मे रायबोसोम एक अक्षर पुढे घसरतात आणि पुढचं सगळं चुकीच्या चौकटीत वाचतात. शिवाय "एजीजीएजीजी" ही सहा अक्षरं म्हणजे जिवाणूचा रायबोसोम जिथे बसतो त्या शाइन-डालगार्नो क्रमाचीच नक्कल. त्यामुळे पुढे योग्य अंतरावर एखादा एटीजी (सुरुवातीचा कोडॉन) असेल तर जनुकाच्या मध्यातूनच भलतं, आखूड प्रथिन सुरू होण्याचाही धोका असतो. आर्जिनीनच्या एका जोडीत इतकं सगळं दडलेलं असू शकतं.

कधी कधी नवं जनुक लागतही नाही. रोझेटा किंवा कोडॉनप्लस यांसारख्या ई. कोलाय वाणांत दुर्मीळ टीआरएनएची जनुकं वेगळ्या प्लाझ्मिडवर दिलेली असतात. जुनं जनुक आधी अशा वाणात चालवून पाहिलं तर दोन-तीन दिवसांत कळतं की अडचण टीआरएनएच्या टंचाईची आहे की दुसरीच. मी हा प्रयोग नेहमी आधी करायला सांगतो, कारण त्यातून मिळणारं उत्तर पुढचा सगळा आराखडा ठरवतं.

पायरी ३: गुण मोजा, पण त्याच्या आहारी जाऊ नका

कोडॉन किती अनुकूल आहेत हे मोजण्याची रूढ पद्धत म्हणजे कोडॉन ॲडॉप्टेशन इंडेक्स, अर्थात सीएआय. पॉल शार्प आणि वेन-शुंग ली यांनी ती १९८७ साली मांडली. यजमानाच्या भरपूर प्रथिन बनवणाऱ्या जनुकांत एखाद्या अमिनो आम्लाचा जो कोडॉन सर्वांत जास्त वापरला जातो त्याला १ भार द्यायचा आणि बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. मग जनुकातल्या सगळ्या कोडॉनांच्या भारांची भूमितीय सरासरी काढायची.

समजा चार कोडॉनांचे भार १, ०.५, ०.१ आणि १ आहेत. गुणाकार ०.०५, त्याचं चौथं मूळ सुमारे ०.४७. साधी सरासरी ०.६५ आली असती. भूमितीय सरासरी कमकुवत कोडॉनला जास्त शिक्षा करते, हे तिचं बळ.

पण लांब जनुकात हे बळ ओसरतं. ३०० कोडॉनांच्या जनुकात २९० कोडॉन अगदी उत्तम, भार १, आणि उरलेल्या दहांचा भार फक्त ०.०५ असं धरून गणित करा. सीएआय येतो जवळपास ०.९! कागदावर जनुक देखणं दिसतं. पण ते दहा कोडॉन एकाच ठिकाणी सलग असतील, तर रायबोसोमची तिथेच कोंडी होईल. सीएआयला जागा कळत नाही. म्हणून एका आकड्याऐवजी जनुकाच्या लांबीवर दहा-पंधरा कोडॉनांची सरकती खिडकी फिरवा आणि आलेख काढा. खोल खड्डे कुठे पडतात ते त्यात लगेच दिसतं.

सारणी निवडतानाही एक सावधगिरी हवी. संपूर्ण जीनोमच्या सरासरीवर बेतलेली सारणी आणि भरपूर प्रथिन बनवणाऱ्या जनुकांवर बेतलेली सारणी वेगळ्या असतात. सीएआयला दुसरी लागते.

पायरी ४: पहिली पन्नास अक्षरं हाताने लिहा

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो.

२००९ साली ग्रझेगोर्झ कुडला आणि सहकाऱ्यांनी हिरव्या चमकणाऱ्या जीएफपी प्रथिनाची १५४ जनुकं बनवली. सगळ्यांतून एकच प्रथिन निघत होतं, फरक फक्त कोडॉनांच्या निवडीत होता. ई. कोलायमध्ये त्यांच्या चमकेत २५० पटींपर्यंत तफावत आढळली. कोडॉनांच्या अनुकूलतेशी या तफावतीचा संबंध जवळपास नव्हता. निम्म्याहून जास्त फरक उलगडला तो एका वेगळ्याच गोष्टीने: सुरुवातीच्या कोडॉनच्या आसपास एमआरएनए स्वतःवर किती घट्ट दुमडला जातो. रायबोसोमला बसायला सुटा, सैल धागा लागतो. तिथे पक्की गाठ असेल तर पुढचे कोडॉन कितीही उत्तम असोत, सुरुवातच अडते.

२०१३ साली १४ हजारांहून जास्त रचनांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासाने हे आणखी स्पष्ट केलं. प्रथिनाच्या सुरुवातीला दुर्मीळ कोडॉन असतील तर ई. कोलायमध्ये उत्पादन अनेकदा वाढतं. त्याचं मुख्य कारण दुर्मीळपणा नव्हे, त्या कोडॉनांत जी आणि सी अक्षरं कमी असतात आणि गाठ सैल राहते, हे आहे.

आता प्रत्यक्ष कृती. सुरुवातीच्या एटीजीच्या आधीची साधारण तीस अक्षरं आणि नंतरची चाळीस अक्षरं एकत्र घ्या. आधीची तीस अक्षरं वेक्टरमधून, म्हणजे जनुक ज्यात घातलं त्या प्लाझ्मिडमधून येतात, ती विसरू नका. गाठ अनेकदा वेक्टरचा तुकडा आणि तुमचं जनुक यांच्यात बसते, म्हणून एकटं जनुक तपासून उपयोग नाही. हा तुकडा आरएनएफोल्डसारख्या प्रोग्रॅममध्ये घाला आणि दुमडण्याची ऊर्जा पाहा. ती जितकी शून्याच्या जवळ तितकी गाठ सैल. मग तिसऱ्या अक्षरांत जी-सीच्या जागी ए-टी घालत लिखाण बदला आणि पुन्हा मोजा. बारा कोडॉनांना सरासरी तीन पर्याय धरले तरी पाच लाखांहून जास्त लिखाणं होतात. संगणकाला ती सगळी तपासायला फार वेळ लागत नाही.

छोटं उदाहरण घेऊ. एटीजीनंतर ग्लायसीन, ॲलनीन, ग्लायसीन, प्रोलीन, आर्जिनीन हवेत. सॉफ्टवेअर देतं: जीजीसी जीसीजी जीजीसी सीसीजी सीजीसी. ई. कोलायसाठी यातला प्रत्येक कोडॉन चांगला मानला जातो. पण पंधराच्या पंधरा अक्षरं जी किंवा सी आहेत आणि ती शेजारपाजारच्या जी-सीशी घट्ट जोड्या लावायला आतुर असतात. त्यातच मधोमध जीजीजीसीसीसी हा डीएनए कापणाऱ्या ॲपा-वन एन्झाइमचा छेदही (कापण्याची जागा) तयार झाला आहे. त्याऐवजी जीजीटी जीसीए जीजीटी सीसीए सीजीटी असं लिहा. अमिनो आम्लं तीच, जी-सी पंधरावरून दहावर, छेद गेला, आणि तरीही यात एकही कोडॉन दुर्मीळ नाही. एवढ्याशा बदलाने गाठ ढिली होण्याची शक्यता खूप वाढते.

प्रथिनाच्या पुढच्या टोकाला हिस्टिडीनचा टॅग (प्रथिन वेगळं काढण्यासाठी जोडलेला छोटा तुकडा) वेक्टरमधूनच येत असेल तर सुरुवातीची पन्नास अक्षरं तुमची नाहीत, टॅगची आहेत! मग याच पायरीचा हिशोब टॅगसकट करा. टॅग मागच्या टोकाला हलवला की सगळं गणित बदलतं. एकच जनुक एका वेक्टरमध्ये धो धो प्रथिन देतं आणि दुसऱ्यात गप्प राहतं, त्यामागे बहुधा हेच असतं.

सस्तन पेशींत गोष्ट थोडी निराळी. तिथे रायबोसोम एमआरएनएच्या टोकापासून शोधत येतो आणि एटीजीच्या आसपासचा कोझॅक क्रम महत्त्वाचा ठरतो: एटीजीच्या तीन अक्षरं आधी ए किंवा जी, आणि एटीजीच्या लगेच नंतर जी. दुसरं अमिनो आम्ल ग्लायसीन, ॲलनीन, व्हॅलीन, ॲस्पार्टेट किंवा ग्लुटामेट असेल तर नंतरचा जी आपोआप मिळतो. नसेल तर त्यासाठी प्रथिन बदलू नका, आधीचा ए किंवा जी नीट ठेवा. त्याचा वाटा मोठा असतो.

पायरी ५: मधल्या भागात घाई कुठे नको

प्रथिन बनता बनताच घडी घ्यायला लागतं. पहिला भाग रायबोसोममधून बाहेर पडून आकार घेत असतो तेव्हा पुढचा अजून लिहिला जात असतो. काही ठिकाणी थोडा दम खाणं त्या घडीला मदत करतं. सगळे कोडॉन वेगवान केले की हा श्वास हरवतो.

याचे दोन दाखले मला नेहमी आठवतात. न्यूरोस्पोरा या बुरशीत एफआरक्यू नावाचं प्रथिन दिवस-रात्रीच्या घड्याळाचा भाग आहे आणि त्याचं जनुक मुळात फारसे अनुकूल नसलेले कोडॉन वापरतं. २०१३ साली संशोधकांनी ते अनुकूल कोडॉनांनी लिहिलं. प्रथिन वाढलं, पण त्याची घडी बदलली आणि घड्याळाची लय मोडली. दुसरा दाखला माणसाचा. पेशीतून औषधं बाहेर फेकणाऱ्या पी-ग्लायकोप्रोटीनच्या जनुकातला एक बदल अमिनो आम्ल बदलत नाही, म्हणून तो "मूक" समजला जाई. २००७ साली दिसलं की त्यामुळे प्रथिनाचं औषधांशी वागणं बदलतं. हे काम वाचल्यापासून मी "मूक बदल" हा शब्द फार जपून वापरतो.

म्हणून अनेक भाग असलेलं, घडीला नाजूक प्रथिन असेल तर कमाल वेगाऐवजी सुसंवादाची पद्धत वापरा. मूळ जीवात जिथे दुर्मीळ कोडॉन होता तिथे नव्या यजमानातलाही मध्यम-दुर्मीळ कोडॉन ठेवा, जिथे सर्रास होता तिथे सर्रास. दोन भागांना जोडणाऱ्या दुव्यांवर हे विशेष पाळा. छोटं, एका घडीचं, कणखर प्रथिन असेल तर मात्र याची फारशी काळजी करू नका.

पायरी ६: साफसफाई

हे काम कंटाळवाणं असलं तरी वेळ वाचवतं. क्लोनिंगसाठी (जनुक वेक्टरमध्ये घालण्यासाठी) वापरायच्या एन्झाइमांचे छेद आत नकोत: ईको-आर-वनचा जीएएटीटीसी, गोल्डन गेट पद्धतीने तुकडे जोडणार असाल तर बीएसए-वनचा जीजीटीसीटीसी आणि त्याचा उलटा जीएजीएसीसी. एकाच अक्षराच्या लांब ओळी आणि लांब पुनरावृत्ती काढा. त्यांच्यामुळे जनुक कृत्रिमरीत्या बनवणाऱ्या कंपन्यांनाही ते जोडणं जड जातं. सहा हिस्टिडीनही सलग सीएसीने न लिहिता सीएटी-सीएसी आलटून पालटून लिहा. सस्तन पेशींसाठी एएटीएएए हा पॉली-ए संकेत (एमआरएनए संपवण्याची खूण) आणि चुकून तयार झालेल्या स्प्लायसिंगच्या (एमआरएनए कापून जोडण्याच्या) जागा शोधा. या जागा जिवाणूत निरुपद्रवी असतात, पण मानवी पेशीत जनुकाचा तुकडाच कापून टाकतात.

जी-सीचं एकूण प्रमाण कुठल्याही टोकाला जाऊ देऊ नका. सस्तन पेशींत थोडं चढं प्रमाण सहसा फायद्याचं ठरतं. कोविडच्या एमआरएनए लसींत विषाणूच्या स्पाइक जनुकाचं जी-सी मुळात ४० टक्क्यांच्या खाली होतं, ते ५० च्या वर नेलं गेलं.

पायरी ७: शेवट

ई. कोलायमध्ये टीएए वापरा. थांबवण्याचं काम करणाऱ्या दोन प्रथिनांपैकी एक यूएए आणि यूएजी ओळखतं, दुसरं यूएए आणि यूजीए. यूएए दोघांनाही कळतो, त्यामुळे रायबोसोम पुढे निसटण्याची शक्यता कमी. खबरदारी म्हणून सलग दोन थांबे देण्याची रीत आहे. फायझर-बायोएनटेकच्या लसीच्या एमआरएनएमध्येही सलग दोन यूजीए आहेत.

पायरी ८: मागवण्याआधी उलटं वाचा, मागवल्यावर नीट मोजा

तयार झालेलं लिखाण पुन्हा अमिनो आम्लांत भाषांतरित करा आणि मूळ प्रथिनाशी अक्षर न् अक्षर जुळवा. इतकी बदलाबदल केल्यावर एखादा कोडॉन चुकणं सहज शक्य असतं.

मग एक नव्हे, किमान दोन लिखाणं मागवा. मधला भाग तोच ठेवून फक्त सुरुवातीची पन्नास अक्षरं वेगळी ठेवली तरी चालेल, आणि ती पीसीआरच्या प्रायमरमधून (प्रती काढायला लागणाऱ्या डीएनएच्या आखूड तुकड्यांतून) बदलता येतात, पूर्ण जनुक पुन्हा बनवावं लागत नाही. सोबत जुनं, मूळ लिखाणही नियंत्रण म्हणून चालवा. नाहीतर नवं लिखाण खरंच चांगलं की त्या दिवशी पेशीच जोमात होत्या, हे कधीच कळणार नाही.

निकाल वाचताना नुसता पट्ट्याचा जाडपणा बघू नका. प्रथिन नाही पण क्यूपीसीआरमध्ये (एमआरएनएची मात्रा मोजणाऱ्या चाचणीत) एमआरएनए भरपूर, तर सुरुवातीची गाठ बघा, पायरी ४ वर परत जा. एमआरएनएच कमी, तर प्रमोटर किंवा एमआरएनएची टिकाऊपणाची बाजू तपासा. अपेक्षेपेक्षा आखूड पट्टे दिसले तर दुर्मीळ कोडॉनांची सलग ओळ किंवा मधूनच होणारी सुरुवात शोधा. मागच्या टोकावर टॅग असेल तर वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रतिपिंडांनी टॅग शोधणाऱ्या चाचणीत) हे दोन्ही वेगळे ओळखता येतात: मध्ये सुटलेल्या तुकड्याला टॅग नसतो, मधून सुरू झालेल्याला असतो. पट्टा जाड पण सगळा न विरघळणाऱ्या गाळात, तर वेग कमी करा. आधी तापमान १८ अंशांवर आणा, तेवढ्याने भागलं नाही तर पायरी ५ मधली सुसंवादाची पद्धत.

आणि प्रथिन औषधासाठी किंवा रचना अभ्यासण्यासाठी हवं असेल तर मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणूचं वजन अचूक मोजणारी चाचणी) टाळू नका. ई. कोलायमध्ये एजीएच्या जागी आर्जिनीनऐवजी कधी कधी लायसीन बसतं. वजनातला तो २८ डाल्टनचा फरक जेलवर दिसत नाही.